विश्लेषण : जुन्या फ्रेंच सायकली पुन्हा रस्त्यावर आणणे इतके किचकट का?

सायकलीच्या स्टेमची, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या दांड्याची जाडी २२.२ मिलिमीटर असावी की २२, हा प्रश्न कुणालाही क्षुल्लक वाटेल. मात्र १९६० आणि १९७०च्या दशकांतील प्यूजो, जिटान, मर्सिए किंवा मोटोबेकान या फ्रेंच सायकली दुरुस्त करू पाहणाऱ्यांचा बराचसा वेळ अशाच ०.२ मिलिमीटरच्या फरकांशी झगडण्यात जातो. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये या सायकलींचे चाहते मोठ्या संख्येने आहेत. कुणाला ती कारखान्यातून निघाली तशीच हवी असते, तर कुणाला जुन्या फ्रेमवर आजचे भाग चढवून रोज चालवायची असते. दोघांसमोरची अडचण एकच. या सायकली जगापेक्षा वेगळ्या मापाने बनलेल्या आहेत.

या सायकलींना एवढी मागणी का?

फ्रान्समध्ये सायकल हा एकेकाळी मोठा उद्योग होता. प्यूजो कुटुंबाचा मूळ धंदा करवती, कॉफी दळण्याची यंत्रे अशा पोलादी वस्तूंचा. त्यांनी १८८२मध्ये सायकल बनवली, मोटारी नंतर आल्या. सँतेतिएन हे बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेले शहर सायकलींचेही केंद्र बनले. मर्सिए तिथलीच आणि क्रँक बनवणारी स्ट्राँगलाइटही तिथलीच. ब्रेक बनवणारी माफाक क्लेरमाँ-फेराँची, तर गिअर बनवणारी सिम्प्लेक्स दीजाँची.

‘टूर द फ्रान्स’ने या नावांना वलय दिले. जाक आंकेतिलने १९६३ आणि १९६४ची टूर जिटानवर जिंकली. बर्नार इनोची पहिली चार विजेतेपदेही याच नावाच्या सायकलींवरची. बर्नार तेव्हनेने १९७५मध्ये एडी मर्क्सची सद्दी संपवली ती प्यूजोवर. रेमाँ पुलिदोर आयुष्यभर मर्सिएच्याच संघाकडून खेळला. टूरमध्ये तो आठ वेळा पहिल्या तिघांत आला, पण पिवळी जर्सी त्याला एकदाही मिळाली नाही. तरीही फ्रेंचांनी प्रेम केले ते विजेत्या आंकेतिलपेक्षा काकणभर जास्त पुलिदोरवरच.

जुन्या फ्रेंच सायकलींमधली सर्वाधिक ओळखीची म्हणजे प्यूजो पीएक्स-१०. पांढरी फ्रेम, नळ्यांच्या सांध्यांवर नक्षीदार नेर्व्हेक्स लग आणि त्यांना काळा रंग. नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ‘५३१’ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या, क्रँक स्ट्राँगलाइटचे, ब्रेक माफाकचे, गिअर सिम्प्लेक्सचे. वजन साधारण दहा किलो. दुकानातून घेतलेली ही सायकल थेट शर्यतीत उतरवता येत असे. तिची गरीब बहीण यूओ-८ साध्या पोलादाची, लोखंडी क्रँकची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची जी लाट आली, तीत यूओ-८ प्रचंड खपली. आज दुरुस्तीला येणाऱ्या फ्रेंच सायकलींत म्हणूनच तिचा भरणा मोठा असतो.

फ्रेंच मापे वेगळी म्हणजे नेमकी कशी?

सायकलीचे जागतिक माप ब्रिटिशांनी ठरवले आणि ते इंचांत होते. मेट्रिक पद्धतीची जन्मभूमी असलेल्या फ्रान्सने साहजिकच मिलिमीटर वापरले. गोम अशी की दोन्ही मापे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. फरक मोठा असता तर भाग बसलाच नसता आणि नुकसानही झाले नसते. इथे तो बसल्यासारखा वाटतो.

पेडलचे उदाहरण घ्या. जगभरच्या पेडलचा आटा ९/१६ इंच, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर. फ्रेंच पेडलचा १४ मिलिमीटर. आट्यांमधले अंतरही जवळपास सारखेच. त्यामुळे साधे पेडल फ्रेंच क्रँकमध्ये पहिले काही फेरे सहज जाते, मग अडते. अडल्यावर गडी पान्हा लांब धरून जोर लावतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कायमचे खराब होतात. फ्रेंच पेडल ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याच्या टोकावर अनेकदा ‘डी’ आणि ‘जी’ ही अक्षरे असतात. फ्रेंच भाषेत ‘द्रुआत’ म्हणजे उजवे आणि ‘गोश’ म्हणजे डावे.

असेच बाकीचे. चिमट्याच्या वरच्या नळीचा आटा फ्रेंच सायकलीत २५ मिलिमीटर, इतरत्र एक इंच. फ्रेमच्या मुख्य नळ्या २८ मिलिमीटर, ब्रिटिश पद्धतीत २८.६. म्हणून पुढच्या गिअरची नेहमीची पट्टी फ्रेंच फ्रेमवर आवळूनही सैल राहते. सीटचा दांडा पीएक्स-१०ला २६.४ मिलिमीटरचा लागतो, तर जाड नळीच्या यूओ-८ला २४चा. यूओ-८च्या क्रँकमधली कॉटर पिन ९ मिलिमीटरची, ब्रिटिश पिन ९.५ची. क्रँक ओढून काढायचे पुलरसुद्धा निराळे. सर्वसाधारण पुलर २२ मिलिमीटरचा, टीए कंपनीच्या क्रँकला २३चा, तर जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५चा. चुकीचा पुलर लावला की क्रँकमधले पातळ आटे तुटून हातात येतात आणि मग तो क्रँक काढणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

सर्वांत घातक गफलत फ्रीव्हीलची. ब्रिटिश आट्याचे फ्रीव्हील फ्रेंच हबवर चढते, कारण फ्रेंच हबचा व्यास किंचित कमी आहे. ते चढते, फिरते, सपाट रस्त्यावर चालतेही. चढावर उभे राहून जोर लावला की सैल बसलेले आटे कातरले जातात आणि पाय एकदम रिकामा फिरतो.

बॉटम ब्रॅकेट हे खरे दुखणे का?

दोन्ही क्रँक ज्या आसावर फिरतात तो आस आणि त्याचे छर्रे फ्रेमच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीत बसतात. या जागेला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना आटे असलेले कप घट्ट केलेले असतात. ब्रिटिश पद्धतीत चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवीकडचा कप उलट आट्याचा असतो. त्यामागे कारण आहे. पेडल मारताना छर्रे कपाच्या आत घरंगळतात आणि त्या घर्षणाने कपाला हळूहळू विरुद्ध दिशेने फिरवू पाहतात. उलट आट्यामुळे हा रेटा कपाला सोडवण्याऐवजी घट्ट करतो.

फ्रेंचांनी ३५ मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराचे सरळ आटे दोन्ही बाजूंना दिले. त्यामुळे उजवा कप चालता चालता सैल होण्याची प्रवृत्ती असते आणि तो बसवताना फार घट्ट आवळावा लागतो. पन्नास वर्षांपूर्वी तसा आवळलेला, वर गंज चढलेला कप काढणे म्हणजे परीक्षाच. त्यात भर म्हणून मोटोबेकानने १९७०च्या दशकाच्या मध्यापासून बऱ्याच सायकलींना ‘स्विस’ आटा दिला. व्यास तोच, अंतर तेच, फक्त उजवा कप उलट आट्याचा. बाहेरून फरक कळत नाही. स्विस कप फ्रेंच समजून फिरवला तर तो निघण्याऐवजी आणखी आवळला जातो. म्हणून जाणकार पान्हा हातात घेण्याआधी सायकल कोणत्या कंपनीची आणि कोणत्या वर्षाची, हे शोधतात. मूळ भागांवर कोरलेल्या तारखा त्यासाठी उपयोगी पडतात.

अमेरिकी मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी या मापांची माहिती सविस्तर लिहून ठेवली आणि अडलेला कप काढण्यासाठी एक जाड बोल्ट, नट आणि वॉशर एवढ्याच सामानाची युक्ती प्रचलित केली. बोल्ट कपातून आरपार घालून नट आवळत जायचे. ठरावीक घट्टपणा आला की नटाबरोबर कपच फिरू लागतो. पान्हा निसटून कपाच्या कडा झिजण्याचा धोका यात राहत नाही. ब्राउन २००८मध्ये वारले. फ्रेंच सायकल घेऊन बसलेला माणूस आजही पहिल्यांदा त्यांचेच लेखन उघडतो.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

आधी मोजमाप, मग सुटे करणे. व्हर्निअर कॅलिपर आणि आटे मोजायचा गेज नसेल तर या कामात पडू नये, हे बरे. प्रत्येक भाग काढताना छायाचित्र घेतले जाते, छर्रे मोजून डबीत ठेवले जातात. फ्रेम हलकी ठोकून, दृष्टीच्या रेषेत धरून वाकलेली नाही ना हे पाहतात. अपघातात सायकल समोरून आदळली असेल तर खालच्या नळीवर, चिमट्याच्या नळीजवळ रंगाला सुरकुती पडलेली असते. तशी सुरकुती दिसली तर पुढचा खर्च करण्यात अर्थ नसतो.

गंज वरवरचा असेल तर पातळ केलेल्या ऑक्झॅलिक आम्लात भाग बुडवून ठेवतात. गंज सुटतो, पोलाद शाबूत राहते. आम्ल विषारी असल्याने हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, शिवाय काही रंगांवर आणि कागदी स्टिकरांवर त्याचा परिणाम होतो. क्रोमवरचे डाग अ‍ॅल्युमिनियमच्या चांदीने, म्हणजे स्वयंपाकघरातल्या फॉइलने, पाणी लावून घासले तरी निघतात.

दशकानुदशके एकाच जागी राहिलेला अ‍ॅल्युमिनियमचा स्टेम किंवा सीटचा दांडा पोलादी नळीत अक्षरशः चिकटतो. दोन धातू, मध्ये घामाचे खारे पाणी, मग क्षरण होणारच. आत झिरपणारे तेल दिवसेंदिवस सोडत राहणे हा पहिला उपाय. थंडीचाही उपयोग होतो, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त आकसते. घाईने फ्रेम शिकंजात धरून पिळणाऱ्यांनी अनेक चांगल्या फ्रेमचा बळी घेतला आहे.

स्टेम निघाला, पण तडे गेलेला निघाला तर? बाजारात मिळतो तो २२.२ मिलिमीटरचा. तो फ्रेंच चिमट्यात ठोकला तर चिमट्याची नळी फुगते. मग नव्या स्टेमचा आत जाणारा भाग पॉलिश पेपरने सर्व बाजूंनी सारखा घासून ०.२ मिलिमीटरने बारीक करायचा. तासाभराचे, सावकाशीचे काम. याच्या उलट चूक, म्हणजे २२ मिलिमीटरचा फ्रेंच स्टेम ब्रिटिश चिमट्यात बसवणे, अधिक धोक्याची. तो आवळूनही हँडल चालत्या सायकलीवर फिरू शकते.

कोणत्या मूळ भागांवर भरवसा ठेवू नये?

सिम्प्लेक्सने १९६०च्या दशकात गिअरसाठी डेलरीन हे प्लॅस्टिक वापरायला सुरुवात केली. हलके, स्वस्त, वंगण न लागणारे. त्या काळी ते आधुनिक मानले गेले. पण वर्षांनुवर्षे ऊन आणि ताण सोसून ते ठिसूळ होते. पुढच्या गिअरची पट्टी आवळताना तडकते, तशीच गिअरच्या दांड्याची कडी. संग्रहात ठेवायची सायकल असेल तर ते तसेच राहू द्यावे. चालवायची असेल तर धातूचा गिअर लावून मूळ भाग डबीत जपून ठेवणे शहाणपणाचे.

माफाकचे ब्रेक मात्र आजही उत्तम. त्यांची ख्याती किंचाळण्याची आहे, पण तो दोष बहुतेकदा वाळलेल्या रबराचा आणि गुटक्याच्या कोनाचा असतो. नवे रबर घालून गुटक्याचे पुढचे टोक रिमला आधी टेकेल असे वळवले की आवाज बंद होतो. माईयारच्या १९८०च्या दशकातील ‘हेलिकोमॅटिक’ हबची गोष्ट वेगळी. गिअरचक्रे चटकन निघावीत ही कल्पना छान होती, पण त्यासाठी आतले छर्रे लहान घ्यावे लागले आणि ते लवकर झिजले. आणि व्हिटसच्या ‘९७९’ या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या चक्क गोंदाने जोडलेल्या आहेत. सांधा सुटू लागला तर तिथे गॅसची ज्योत चालत नाही आणि नेहमीच्या कारागिराच्या हातात काही उरत नाही.

ट्रॅक सायकलींची अडचण निराळी का?

व्हेलोड्रोमवर, म्हणजे उतरत्या कडांच्या गोल धावपट्टीवर चालणारी सायकल ही यंत्र म्हणून सर्वांत साधी. एकच गिअर, फ्रीव्हील नाही, ब्रेक नाहीत. चाक फिरते तोवर पेडल फिरतेच. ऑलिम्पिकमध्ये १९६८ आणि १९७२ साली वेगवान स्प्रिंट जिंकणाऱ्या दानिएल मोरलाँच्या काळात फ्रान्सचा या खेळात दबदबा होता. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या जंगलातील ‘ला सिपाल’ या धावपट्टीवर १९६८ ते १९७४ या काळात टूरचाही शेवट होत असे.

भागच कमी, त्यामुळे दुरुस्ती सोपी वाटते. खरी अडचण रस्त्यावर आणताना येते. ब्रेकशिवाय रहदारीत जाणे हे धाडस नसून बेफिकिरी आहे. किमान पुढचा ब्रेक हवाच. पण अस्सल ट्रॅक चिमट्याला ब्रेकचे भोकच नसते. भोक पाडले की त्या चिमट्याचे मोल संपले. त्यामुळे समंजस लोक मूळ चिमटा काढून कपाटात ठेवतात आणि भोक असलेला दुसरा, त्याच मापाचा चिमटा लावतात. मागच्या हबवरचे दातेरी चक्र आणि ते अडवणारी उलट आट्याची रिंग, दोन्ही फ्रेंच मापाची असतील तर एकत्रच जपावी लागतात. एक हरवले की दुसरे निरुपयोगी.

उलटा प्रवासही झाला आहे. २०००च्या दशकात एक-गिअरी सायकलींची फॅशन आली आणि जुन्या फ्रेंच रोड सायकलींच्या गिअर अडकवायच्या जागा करवतीने कापून, घासून त्या ‘ट्रॅक’सारख्या दिसाव्यात असे बदल केले गेले. यूओ-८च्या बाबतीत फार कुणी हळहळले नाही, कारण त्या लाखांनी बनल्या होत्या. हातात येते ती फ्रेम सामान्य आहे की दुर्मीळ, हे कापणाऱ्याला नेहमी कळत होते असे मात्र नाही.

मूळ रूप जपावे की हवे तसे बदलावे?

हा वाद संपणारा नाही. एका बाजूचे लोक पन्नास वर्षांपूर्वीचा ओरखडा पडलेला रंगही उतरवू देत नाहीत. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सायकल भिंतीवर टांगायला बनवलेली नाही. मधला आणि अधिक पटणारा निकष असा, की केलेला बदल परत फिरवता येतो का? चाके, हँडल, गिअर, सीट हे सगळे कधीही बदलता येते. मूळ भाग जपून ठेवले की झाले. रंग खरवडणे, भोक पाडणे, कापणे, नवे आटे पाडणे हे परत फिरत नाही.

अर्थात नियमाला अपवाद आहेतच. फ्रेंच क्रँकमध्ये टॅप फिरवून ९/१६ इंचाचे आटे पाडता येतात, थोडाच धातू जातो आणि पेडलची कटकट कायमची मिटते. बहुतेक कारागीर हे मान्य करतात. बॉटम ब्रॅकेटचे आटे पूर्ण झिजले असतील तर ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडणे हा शेवटचा उपाय असतो. पण आटे चांगले असताना केवळ भाग सहज मिळावेत म्हणून असे करणे आता समर्थनीय नाही, कारण अमेरिकेतील फिल वूडसारख्या कंपन्या फ्रेंच आणि स्विस आट्यांच्या रिंगा बनवतात. आतले छर्रे नव्या पद्धतीचे, बाहेरचा आटा जुना.

पोलादाचा एक गुण इथे कामी येतो. पाच गिअरच्या काळात मागच्या दोन पात्यांमधले अंतर सुमारे १२० मिलिमीटर असे. आजचे हब १३० मिलिमीटरचे. पोलादी फ्रेम थंड अवस्थेत, मोजून मापून, दोन्ही बाजूंना सारखी फाकवता येते. गोंदाने जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर हा प्रयोग केला तर सांधा उघडतो.

मेळावेही आपापल्या परीने या वादात भूमिका घेतात. इटलीतील ‘लेरोइका’ या १९९७मध्ये सुरू झालेल्या सफरीत १९८७ किंवा त्याआधीच्याच रोड सायकली चालतात. गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून गेलेल्या हव्यात आणि पायाला पेडलवर पट्टे हवेत. फ्रान्समध्ये सोम्यूर येथे २०११पासून ‘आंजू व्हेलो व्हिंटेज’ भरते. तिथे वातावरण जत्रेचे असते.

फ्रेंचांनी स्वतःची मापे सोडली का?

होय, सोडावी लागली. १९७०च्या दशकात सनटूर, शिमानो या जपानी कंपन्यांचे गिअर अधिक अचूक आणि स्वस्त निघाले. निर्यातीसाठी सायकली बनवणाऱ्या फ्रेंच कारखान्यांना ते लावायचे तर आटेही जगाचे हवे होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नव्या सायकलींतून फ्रेंच आटे जवळपास हद्दपार झाले. सुटे भाग बनवणारे कारखानेही एकेक करून विकले गेले किंवा बंद पडले.

चाकांच्या बाबतीत मात्र फ्रेंचांनीच बाजी मारली. आज जगभरच्या रेसिंग सायकलींचे ‘७००सी’ चाक हे मूळ फ्रेंच माप. सात दशकांपूर्वी रेने हर्स आणि अ‍ॅलेक्स सिंगर हे पॅरिसलगतच्या लव्हाल्वा-पेरेचे कारागीर लांब पल्ल्याच्या सायकलींना जे जाड ‘६५०बी’ टायर लावत, त्याच मापाला माउंटन बाइकवाले आता २७.५ इंच म्हणतात. हर्सच्या नावाने टायर विकणारी कंपनी सध्या अमेरिकेत सिएटलमध्ये आहे.

भारतात अशी सायकल हाती आली तर?

शक्यता कमी. आपल्याकडच्या जुन्या सायकली रॅले, बीएसए, हर्क्युलिसच्या परंपरेतल्या, म्हणजे ब्रिटिश नमुन्याच्या. पण परदेशातून परतलेल्यांनी सोबत आणलेली किंवा हौसेने मागवलेली एखादी प्यूजो दिसते. ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ या १८९१पासूनच्या, आता १२०० किलोमीटर ९० तासांत कापायच्या सफरीसाठी महाराष्ट्रातूनही सायकलपटू जातात. त्यांपैकी काहींना तिथे हर्स आणि सिंगरच्या सायकली प्रत्यक्ष धावताना दिसतात आणि ओढ लागते.

गल्लीतल्या सायकल मिस्त्रीकडे ती न्यायला हरकत नाही. चाकाचा आऊट काढणे, छर्रे बदलून ग्रीस भरणे, कॉटर पिन ठोकून काढणे यांत त्याचा हात बसलेला असतो. फक्त पेडल, फ्रीव्हील आणि बॉटम ब्रॅकेटच्या कपाला हात लावण्याआधी त्याला ही सायकल मिलिमीटरच्या आट्यांची आहे, एवढे सांगावे. टायरसाठी इंचांच्या नावावर विसंबू नये, बाजूवर छापलेला आकडा पाहावा. ६२२ असेल तर ७००सी, ५८४ असेल तर ६५०बी. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या २८ बाय दीड इंची टायरवर ६३५ असते. तेही जुन्या फ्रेंच यादीतले ‘७००बी’ हेच माप आहे, पण ७००सीच्या रिमवर ते बसत नाही.